रावमामांच्या ऊंजलावर मेण टिकेना

लोक विचारतात, "तुम्ही नक्की काय करता?" मी सांगते, "फर्निचरला मेण लावते." समोरचा माणूस थोडा वेळ थांबतो, वाक्य पुढे जाईल या आशेने. ते पुढे जात नाही. रंग लावते, रंगावर मेण लावते, आणि मग ते मेण पुसून काढते. म्हणजे स्वतःच लावलेलं स्वतःच पुसते आणि त्याचे पैसे घेते. यावर आमच्या घरी पुष्कळ विनोद होऊन गेले आहेत, तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये.

सुरुवातीला मी हौसेने कार्ड छापून घेतलं होतं. त्यावर नुसतंच 'वॅक्स फिनिशिंग' आणि फोन नंबर. पहिला फोन एका बाईंचा आला. घरी येऊन करता का, आणि फार दुखतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी येते, दुखायचा प्रश्न नाही, फक्त आधी धूळ झटकून ठेवा. त्यांनी फोन ठेवला. मला उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. उरलेली कार्डं अजून माझ्याकडे आहेत, मेणाच्या डब्याखाली ठेवायला बरी पडतात.

तर अशा बाईला "तुमच्या कलेविषयी दिवाळी अंकात लिहा" असा निरोप आला, तेव्हा चुकीच्या नंबरवर लागला असेल असंच वाटलं. कला वगैरे माझ्याकडे काही नाही. फजिती म्हणाल तर हवी तेवढी आहे. तिच्यातलीच सांगते.

मी मूळची साताऱ्याची, शाळेत चित्रकला शिकवायची. नवऱ्याला गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही चेन्नईला आलो. तयार मालात खोट शोधणं हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांना त्याचा पगार मिळतो, घरी ते फुकट करतात. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि मी नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसायची. माझ्या तमिळच्या जोरावर कुठली शाळा मला ठेवून घेणार? "इंगे वा" (इकडे ये) आणि "पोदुम" (पुरे) एवढ्यावर चित्रकलेचा तास निघत नाही. मग मोबाइलवर बघता बघता एक दिवस चॉक पेंट सापडला, आणि घरमालकांनी मोट्टैमाडीवरची, म्हणजे गच्चीवरची, रिकामी खोली वापरायला दिली. धंदा सुरू झाला.

चॉक पेंट म्हणजे नावाप्रमाणेच खडूसारखा रंग. कोरडा, बिनचकाकीचा, हाताला जरा पिठूळ लागणारा. लाकूड फार घासावं लागत नाही, जुन्या पॉलिशवरही तो बसतो. माझ्यासारख्या आळशी बाईला देवानेच धाडला म्हणायचा. पण स्वभावाने फार भोळा. चहा सांडला, चहा पितो. तेलाचा हात लागला, तेल पितो. कुणाला नाही म्हणून म्हणत नाही. म्हणून त्याच्यावर मेण लावायचं. मी पहिलं रंगवलं ते आमचं चपलांचं कपाट, आणि त्याला मेण लावलंच नाही. कारण मेणाचं व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं आणि मी शेवटपर्यंत बघितला नव्हता. आठवड्याभरात घरी येऊन गेलेल्या प्रत्येकाची बोटं त्या कपाटावर उमटली. नवरा म्हणाला, "पोलिसांना बोलवायला नको, सगळे पुरावे आहेत."

मेण लावायचं ते तोंडाला कोल्डक्रीम लावतात तसं. थोडं घ्यायचं, गोल ब्रशने जिरवायचं, आणि जास्तीचं लगेच पुसायचं. पुसायला सगळ्यात उत्तम म्हणजे जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती वेष्टी, म्हणजे इकडचे पुरुष लुंगीसारखं नेसतात ते धोतर. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने घासून मंद चमक आणायची. बोट फिरवून बघायचं. बोट सरकलं तर जमलं, अडकलं तर मेण जास्त झालं, पुन्हा पुसा. माझं बोट पहिलं वर्षभर अडकतच होतं. आणि हात लावून कोरडं लागलं तरी मेण आतून पक्कं व्हायला कित्येक आठवडे जातात. तोवर त्याला बाळंतिणीसारखं जपायचं. त्यात ही चेन्नई. मे महिन्यातल्या कत्तरीच्या, म्हणजे सगळ्यात कडक, उन्हात डब्यातल्या मेणाची खीर होते, आणि नोव्हेंबरच्या पावसात ते वाळायचं नाव घेत नाही.

आणखी एक तपकिरी मेण असतं. ते नक्षीच्या खाचाखोचांत भरलं की कालचं टेबल आजोबांच्या काळातलं दिसतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डिस्ट्रेस्ड फिनिश. रंग दिल्यावर कडा सँडपेपरने मुद्दाम घासून खालचं लाकूड दिसू द्यायचं, जणू पिढ्यान्‌पिढ्या हात लागून झिजलंय. याला चांगली मागणी आहे. नवरा म्हणतो, "जुन्याला नवं करायचे पैसे घेतेस, नव्याला जुनं करायचेही घेतेस. तू वकील व्हायला हवी होतीस."

माझ्या सूचना गिऱ्हाइकं पाळत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. गरम भांडं ठेवू नका हे मी शंभरदा सांगते. एका मामींच्या घरी (इथे वडीलधाऱ्या बाईला मामी आणि पुरुषाला मामा म्हणतात) फिकट निळं टेबल पोचवलं आणि तेच पुराण पुन्हा सुरू केलं. त्या ऐकता ऐकता आत गेल्या, वाफाळती काफी घेऊन आल्या. मी बोलता बोलता टंबलर हातात घेतला, एक घोट घेतला, आणि टेबलावर ठेवला. उचलला तेव्हा खाली पांढरं कडं उमटलेलं.  मामींनी त्या कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "अजून थोडी काफी?"

एवढ्यावरून माझी योग्यता वाचकांच्या लक्षात आली असेल. आता ऊंजलाचं सांगते.

ऊंजल म्हणजे झोपाळा. हेमा नावाच्या एका बाईंचा फोन आला. संगणकाच्या कंपनीत नोकरी, बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं तमिळ. मी मराठी आहे म्हटल्यावर त्या एकदम घरच्या मराठीत आल्या. कुटुंब तंजावरकडचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. नवरा सिंगापूरला, घरी त्या आणि त्यांचे सासरे. जुनं घर पाडलं, आता नुंगंबाक्कमातच नवा फ्लॅट घेतला होता.

मी बघायला गेले. हॉल सगळा पांढरा. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, फरशी अशी की चालायला भीती वाटावी. मध्ये छताच्या कड्यांना पितळी साखळ्या, आणि त्यांना सागवानाची रुंद, काळीभोर फळी. फळीवर पंच्याऐंशीच्या घरातले एक गृहस्थ पेपर वाचत, पायाच्या अंगठ्याने हळू झोका घेत बसलेले. हे रावमामा, बँकेतून निवृत्त झालेले.

"आंटी, एवढ्या व्हाइट हॉलमध्ये हा काळा फळा कसा दिसतो तुम्हीच बघा," हेमा म्हणाली. "पांढरा करून दिलांत तर राहू दे. नाही तर मी सोफा बघून ठेवलाय. हा मरवाल्याकडे जाईल, जुनं लाकूड घेतो त्याच्याकडे."

मी मामांकडे बघितलं. सागवानाला पांढरा रंग म्हणजे बहुतेक म्हाताऱ्यांच्या जिवावर येतं. ते पेपर घडी करून म्हणाले, "पांढरें करा, पिंवळें करा, बाई. टांगलेलें राहिलें म्हणजे पुरे. सोफ्यावर बसून मज पेपर वाचतां येत नाही. पाय हलावे लागतात."

त्यांचं मराठी ऐकताना मला इतिहासाच्या पुस्तकातल्या एखाद्या पत्राशी बोलल्यासारखं वाटायचं. त्यांचं माझ्याबद्दलचं मत एवढंच होतं, की "तुमचें मराठी भारी वेगानें जातें, मधें एक स्टेशन नाही."

ते लग्नात याच फळीवर बसले होते. त्यांच्याकडे लग्नात नवरानवरीला ऊंजलावर बसवून गाणी म्हणतात. मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जाऊन बरीच वर्षं झाली. हे त्यांनी मला सांगितलं ते एवढ्याच शब्दांत, आणि मी हो हो म्हणत फळीची लांबीरुंदी घेत होते. फळी काळी, तुळतुळीत, हात फिरवला तर रेशमासारखी. वा, काय चमक आहे, असं मनात म्हणून मी ती गच्चीवर आणली, ओल्या फडक्याने पुसली आणि रंगवायला घेतली. ही चमक आली कुठून, हे विचारावं असं मला सुचलं नाही.

रंगाचे दोन हात, मेणाचे दोन हात. फळी लोण्याच्या रंगाची झाली. टांगायला गेले तेव्हा मामा हळदी-कुंकवाचं तबक घेऊन तयार. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची नाही. ओल्या मेणावर हळद! मी अशी किंचाळले की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. शेवटी कुंकू छताच्या कडीला लागलं. हेमा खूश झाली. निघताना म्हणाली, "काही बघायला यायचं झालं तर शनिवार सोडून या हां, आंटी. शनिवारी मला ऑफिस असतं, मामा एकटेच असतात."

मेण पक्कं व्हायला लागतात तेवढे आठवडेही गेले नाहीत, तोच हेमाचा फोटो आला. बसायच्या जागी रंग उडून काळं सागवान डोकावत होतं. चांगला पेपराएवढा डाग. मी गेले, बोट फिरवलं, वास घेतला, डोळे बारीक केले आणि निदान सांगितलं, "ह्युमिडिटी." हा शब्द चेन्नईत कुणी खोडून काढू शकत नाही. फळी काढली, डाग रंगवला, मेण लावलं, टांगली.

पुन्हा उडाला. या खेपेला मी मेणाच्या डब्याला दोष दिला, नाचता येईना अंगण वाकडं तसं, आणि परदेशी मेण मागवलं. पुन्हा उडाला. मग मी एसीच्या वाऱ्यावर आळ घेतला. मग पेपरच्या शाईवर. मग वेष्टीच्या खळीवर. आपण डॉक्टर झालो नाही हे किती बरं झालं, हे मला त्या दिवसांत कळलं.

एकदा मामांनाच विचारलं, "मामा, तुम्ही यावर करता तरी काय?"

"बसतों."

"कसे बसता?"

त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "जसे बसतात तसे, बाई. तुमच्याकडे वेगळें बसतात काय?"

"तसं नाही. खाली काहीतरी घालून बसत जा. पंचा, टॉवेल काहीतरी."

"तुंडू नेसूनच बसतों की," ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. तुंडू म्हणजे सुती पंचा. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. बसलेले तर ते इस्त्रीच्या वेष्टीत होते.

दिवाळी जवळ आली. सिंगापूरच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर डाग बघितला आणि तिथूनच निकाल दिला. मी गेले तेव्हा हेमाचा आवाज दमलेला होता. "आंटी, शेवटचं. या वेळी डाग पडला तर सोफा मागवते. दीपावलीला माणसं येतात, प्रत्येकाला काय सांगू?" मामा मागेच उभे होते. ते म्हणाले, "परवाइल्ले, राहू दे." राहू दे म्हणाले खरे, पण त्या दिवशी मी असेपर्यंत ते ऊंजलावर बसले नाहीत. साखळी धरून बाजूला उभे राहिले, पाहुण्यासारखे. माझ्या नाकर्तेपणामुळे एका माणसाची बसायची जागा जाणार होती. माझी आतापर्यंतची सगळी फजिती मी हसून सांगत आले. त्या दिवशी रिक्षात मात्र मला रडू आलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "माल तुझ्याकडून नीट जातो. गिऱ्हाइकाकडे बिघडतो. गिऱ्हाईक तो कसा वापरतं?"

"विचारलं ना. नुसतं बसतात म्हणे."

"विचारलंस. बघितलंस का?"

खोट शोधण्याचा पगार उगीच मिळत नाही माणसाला. मी विचार केला, मी बाकी सगळ्या वारी जाऊन आले आहे, फक्त शनिवारी नाही. तेव्हा शनिवारी सकाळीच, न सांगता, जाऊन बेल दाबली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. समोर रावमामा. कमरेला तुंडू, आणि बाकी सगळा देह डोक्यापासून पायापर्यंत तेलाने चमकतोय. कपाळावरून एक थेंब ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबलेला. घरभर मिरे घालून तापवलेल्या तिळाच्या तेलाचा, नल्लेण्णैचा, वास. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कोणी कोणाला पकडलं ते कळेना.

"हेमा आली काय खालीं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही. मी एकटीच."

"मग आंत या. दार लावा."

ते जाऊन ऊंजलावर बसले आणि झोके घ्यायला लागले. "तेल मुरूं द्यावें लागतें. मग न्हाणें. आज शनिवार नव्हे काय?"

मी म्हटलं, "शनिवारचं काय?"

"पुरुषांनी शनिवारीं तेल लावून न्हावें. तुम्ही मराठी, तुमच्यांत नाही?"

"आमच्यात दिवाळीला असतं."

त्यांचा झोका थांबला. "वर्षांत एकदांच?" असे काही कळवळून म्हणाले, की मलाच मी इतकी वर्षं उपाशी राहिल्यासारखं वाटलं. "अय्यो पावम!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी ह्युमिडिटी, एसी, शाई, खळ सगळं पालथं घातलं. तेल मनात आलं नाही, कारण साताऱ्याच्या बाईच्या हिशेबात अंगाला तेल म्हणजे नरकचतुर्दशी, आणि ती तर अजून यायची होती. माझ्या मेणावर हा माणूस दर शनिवारी तेलाने न्हाऊन निघालेला देह घेऊन, घटकाभर हलत बसत होता. डोंगरसुद्धा झिजला असता.

"मामा, आधी का नाही सांगितलंत?"

त्यांनी नाकावरचा थेंब पुसला. मागे एकदा न्हाणीघरात त्यांचा पाय सरकला होता. काही मोडलं नाही, पण सिंगापूरहून हुकूम आला, तेलाचं न्हाणं बंद. हेमाने बाटली उचलून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. "तीही काय करील? नवरा तिकडे, जबाबदारी हिच्यावर. पण शनिवारीं तिला ऑफीस असतें. मी बाटली काढतों, लावतों, परत ठेवतों. मोठी बाटली आहे, बाई. इतके दिवस झाले, संपतच नाही."

मग म्हणाले, "सांगितलें तर तेल जाईल. नाही सांगितलें तर ऊंजल जाईल. मी काय करूं? तुम्हीच सांगा."

 त्यांनी फळीवरच्या उघड्या लाकडावर हात फिरवला. मामी असताना त्या त्यांना याच फळीवर बसवून डोक्यावर तेल थापायच्या. "मला कमी, फळ्याला जास्ती," ते म्हणाले. मीही तिथे तळवा टेकवला आणि माझी ट्यूब पेटली. ती काळी, रेशमी चमक पॉलिशची नव्हतीच. एका संसाराचे सगळे शनिवार त्या लाकडाने पोटात घेतले होते. तेल प्यायलेल्या लाकडावर रंग धरत नाही, हे या धंद्यातल्या पहिलीच्या पुस्तकातलं वाक्य. आधी लाकडाला विचारावं लागतं, बाबा, तू काय खाल्लं आहेस? मी फक्त लांबीरुंदी घेतली होती.

"हेमेला सांगूं नका," ते म्हणाले.

"नाही सांगत. आणि ऊंजलही जाऊ देत नाही," असं मी बोलून गेले. कसं, ते मलाच माहीत नव्हतं.

ते न्हाऊन आले, गंध लावलं, आणि घरात कपडे वाळवायचं यंत्र असताना तुंडू पिळून बाल्कनीतल्या दोरीवर घातला. मी खाली उतरले तर फाटकातच हेमा, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"आंटी, तुम्ही? शनिवारी?" ती जरा दचकलीच.

"माप घ्यायचं राहिलं होतं," मी ठोकून दिलं. "तू आज लवकर?"

"हां, ऑफिस लवकर सुटलं," ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

दुसऱ्या दिवशी फळी मी गच्चीवर आणली आणि तिच्यासमोर बसून राहिले. मग एकदम मनात आलं, की लोक मला पैसे देऊन नव्या टेबलाच्या कडा घासून घेतात, तर इथे एका माणसाने तेच काम आयतं करून ठेवलंय आणि मी वेड्यासारखी ते झाकत बसले आहे. मी डाग बुजवायच्या ऐवजी मोठा केला. बसायच्या जागचा रंग सगळा काढला, त्याच्या कडा सँडपेपरने अशा विरवल्या की रंग कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळू नये. साखळीजवळ हात धरायच्या जागा, उठताना तळवा टेकतो ती जागा, सगळीकडून लाकूड थोडं थोडं बाहेर आणलं. उरलेल्या रंगाखालचं तेल काढता येणार नव्हतं, पण तिथे कुणी बसतही नव्हतं. रंगावर साधं मेण, कडांना तपकिरी. मधल्या उघड्या लाकडाला मात्र काहीच लावलं नाही. त्याची सोय दर शनिवारी होणार होती.

हेमाने फळी बघितली, मागे सरकून बघितली, फोटो काढला. "डिस्ट्रेस्ड!" ती ओरडलीच. "आंटी, हे तर मॅगझिनमधल्यासारखं झालं! पहिल्यापासून असंच का नाही केलंत?"

"त्याला वेळ द्यावा लागतो," मी गंभीरपणे म्हटलं. कलावंत म्हणून मिरवायची माझी ही एकमेव संधी होती, ती मी सोडली नाही. सिंगापूरलाही पसंत पडलं. सोफा दुकानातच राहिला. मामा फळीवर बसले, पेपर उघडला, आणि पेपराच्या वरून माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. या वयात डोळा मारणं त्यांना नीट जमत नव्हतं, दोन्ही मिटले.

पुढच्या शनिवारी मला राहवेना. पहिल्या तेलाने कडांचं मेण तर उचललं नाही ना, ते बघायला निघाले. इमारतीत शिरताना पार्किंगमध्ये एका गाडीची काच खाली होती आणि आत हेमा बसलेली. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग, हातात फ्लास्कच्या झाकणात काफी. मान वर करून ती बाल्कनीकडे बघत होती. मला बघताच तिने बोट ओठांवर ठेवलं आणि दार उघडलं.

"शू! आत बसा, आंटी."

मी बसले. "ऑफिसला नाही गेलीस?"

"आमच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असते."

मला कळायला थोडा वेळ लागला. तसा तो नेहमीच लागतो. "म्हणजे तुला तेलाचं माहीत आहे?"

"मला नाक नाही काय, आंटी? संध्याकाळपर्यंत घरात वास असतो." ती बाल्कनीवरची नजर न काढता बोलत होती. "बाटली मीच भरते. संपली तर ते स्टुलावर चढून दुसरी शोधतील. न्हाणीघरात रबराची मॅट घातली. तुंडू दोरीवर आला की समजायचं, न्हाणं नीट झालं. तोपर्यंत मी इथे."

"मग सांगून का टाकत नाहीस त्यांना?"

"मला कळलंय हे त्यांना कळलं, तर पुढच्या शनिवारपासून करणार नाहीत. मानी आहेत फार."

 मग मला माझा अपमान आठवला. "आणि मला पुन्हा पुन्हा मेण लावायला लावलंस! तेलाचं एका शब्दाने बोलली असतीस तर!"

हेमाने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "तेलाने मेण जातं हे मला काय माहीत, आंटी? तुम्हीच म्हणालात, ह्युमिडिटी!"

 तिने मला काफी दिली आणि आम्ही दोघी माना वर करून बसून राहिलो. ती जरा घाबरलेली होती, ते कळत होतं. वेळ जास्त गेला की बॅगेच्या पट्ट्याशी तिची बोटं चाळा करायची. मीही मनातल्या मनात मामांना म्हणत होते, सावकाश, मामा, सावकाश.

मग बाल्कनीचं दार उघडलं. रावमामा आले, ओला तुंडू झटकला, दोरीवर घातला, दोन्ही टोकं नीट जुळवली आणि आत गेले. हेमाने श्वास सोडला, काच वर केली आणि बॅग खांद्याला लावली.

"मी आता ऑफिसहून येते," ती म्हणाली. "तुम्ही जरा थांबून या, आंटी. दोघी एकदम गेलो तर त्यांना कळेल."